मांडी मेली, हात बसला

मी दिघोरीची, लाखांदूरकडची, आन मले दिली इकडं सानगडीले. दूर नाई फार, पन तवा मले वाटे का दुसऱ्याच मुलखात आली. जातीनं आमी विणकरच, पन माया बाबानं माग कवाचाच सोडला होता आन धानाची शेती धरली होती, म्हून मले रोवना येत होता, निंदन येत होतं, कापनी येत होती, दिवसभर चिखलात वाकून राहनं येत होतं, पन कोसा, ते जंगली रेशीम, काय असते ते मी पूजेच्या सोवळ्यातच तेवढं पायलं होतं, तेही दुसऱ्याच्या अंगावर. आन दिली कुठं, तं कोसा काढनाऱ्याच घरात. माय म्हने, बरं झालं, सावलीतलं काम आहे, पोरगी उन्हातून सुटली. माय बिचारी काय म्हनन, तिनं कोसा काढताना कोनाले पायलंच नव्हतं. काय सांगू बाई तुमाले, सावलीत बसूनही अंग जळते हे मले इथं आल्यावर समजलं.

तुमी म्हनलं ना, तुमच्या तब्येतीचं सांगा, म्हून सांगून राहिली. पन माया तब्येतीचं सांगाचं तं मांडीपासूनच सांगा लागन. हासू नोका. आता बुढी झाली म्हून सांगते, नाई तं आमच्यात मांडीचं नाव कोनी काढत नाई.

कोसा कसा काढते, पायलं का तुमी? जंगलातल्या झाडावरचे कोश असतेत, लिंबाएवढे, ते सोडा टाकून उकळाचे, नरम झाले का त्याचं तोंड सापडते, मंग चार-पाच कोशाचे तार एकत्र धराचे आन उघड्या मांडीवर तळहातानं घासाचे, असे, असे, तवा त्याले पीळ बसते, आन दुसऱ्या हातानं लाकडाच्या फिरकीवर गुंडाळाचं. लुगडं वर घेऊन बसा लागते म्हून हे काम मागं सांदवाडीत, परसात, दार लावून. घरातला मानूसही तिकडं येताना खाकरून येते. मांडीले राख लावा, घासा, राख लावा, घासा. मशीन आली म्हनते कुठं कुठं, पन आमच्या घरी मांडीच.

पैल्या दिवसात अशी आग होये ना मांडीची, का लुगडं टेकलं तरी डोळ्यातून पानी. फोड आले, फुटले, त्याच्यावर पुन्हा राख, पुन्हा घासनं. मी सासूले म्हनलं, आत्याबाई, आज नाई बसत. सासू काई वाईट नव्हती, तोंडानं फटकळ पन मनाची चांगली, ते म्हने, बस वं पोरी, अशीच जळते सगळ्यायची, मंग एक दिवस मांडी मरते, आन मांडी मेली का हात बसला समज. आन खरंच हो, एक दिवस घासता घासता ध्यानात आलं का आग होऊनच नाई राहिली. चामडी कडक झाली होती, बैलाच्या खांद्यावर पडते ना तसा घट्टा. मी सासूले सांगतलं तं ते इतकी खूश झाली का आजूबाजूच्या कोसा काढनाऱ्या बाया बोलावल्या आन गूळ वाटला. आमच्यात वाटतेत. नव्या सुनेची मांडी मेली का गूळ वाटतेत, का आता घरात एक हात वाढला. मीही खाल्ला तो गूळ, मले भल्ला आनंद झाला होता, लेकरू झाल्यावर नाई झाला तेवढा. खोटं काहून सांगू?

आता तब्येत. आमच्यात तब्येत कोन विचारते जी? चालते-फिरते ते बरी, आडवी पडली ते बिमार, मधातलं काईच नाई. कोनी विचारलं बरं आहे ना, तं बरं आहे. कंबर मोडली तरी बरं आहे. घरवाला मागावर बसे, त्याचे पाय खड्ड्यात, माही मांडी उघडी, दोघायचं असं बसल्या बसल्या आयुष्य चाललं होतं. त्याले खोकला होता, तो गेला त्यातच, त्याचं वेगळं सांगनं आहे, ते आज नाई सांगत. मंगेश, आमचा पोरगा, तो मागावर बसला मंग.

तं झालं काय, एकदा मी कोश उकळत होती आन चुलीवरचा गंजच कलंडला. उकळतं पानी सारं माया मांडीवर. सासू ओरडली, शेजारची ओरडली, मी आपली गंज सरळ करून कोश येचून राहिली. मले काईच वाटलं नाई. म्हंजे गरमही वाटलं नाई. ओलं वाटलं नाई. मांडी लाल झाली, दुसऱ्या दिवशी फोड आला एवढा मोठा, तरी नाई. सासू तोंडावर हात ठेवून पाहे आन म्हने, अशी मांडी तं माया सासूचीही नव्हती. बाया पाहाले आल्या. एका बाईनं आपल्या सुनेले आनलं, म्हने, पाह, याले म्हनते कोसा काढनं. मी फुगली ना मंग. जिकडं तिकडं माया मांडीचीच गोठ.

त्या जागेचा रंगही वेगळा झाला होता, फिक्का, जसं वावरात एका जागी धान पिवळा पडते. पन राख लावून लावून सगळ्यायचीच मांडी रंगानं वेगळी असते, केस तं कोनाच्याच मांडीवर नसतेत, घासूनच गेले असतेत. कोनाले काय समजन? आशाताई घरोघरी येत, अजूनही येतेत, त्या विचारत, अंगावर काई चट्टा आहे का, काई बधिर लागते का. आमी साऱ्या हासाचो. एक बाई म्हने, अवो ताई, आमच्यात बधिर नाई ते कोन, ते सांगा. कोसा काढनारीची मांडी बधिर नसन तं काय गालबोट लावाले ठेवाची? ताईही हासे बिचारी, लिहून घे, निरंक, आन जाये. तिचाही काई दोष नाई. आमीच तिले दारातून वाटेले लावत होतो.

मंग सासू गेली, मंगेशचं लगन झालं, सून आली, सरिता, चांगल्या घरची, बारावी झालेली. आन त्याच साली माया डाव्या हाताची करंगळी वाकून राहिली. पैले करंगळी, मंग तिच्या बाजूची. सरळ करू म्हनलं तं होये पन लगेच वाकून जाये. तळहात मांडीवर सपाट पडे नाई, तार सुटे, पीळ बसे नाई. मी म्हनलं, वात असन. तेल लावलं, शेकलं, शेकता शेकता हातही भाजला आन समजलं नाई. तवा मंगेश म्हने, आई, हे काई बरोबर नाई, चाल दवाखान्यात.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीनबाई होती, तुमच्याएवढीच असन, भल्ली गोड बोले. तिनं हात पायला, कोपराजवळ दाबून पायलं, मंग म्हने, मावशी, अंगावर कुठं डाग? मी म्हनलं, नाई. ते म्हने, पाहू द्या. पडद्यामागं घेतलं, मांडी पायली. म्हने, डोळे मिटा, मी कापूस लावते, जिथं लावला तिथं बोट ठेवा. मी डोळे मिटले. म्हनलं, आता लावन, मंग लावन. वाट पाहून राहिली. भल्ला वेळ झाला. मी डोळे मिटूनच म्हनलं, लावा ना बाई.  डोळे उघडून पाहते तं कापूस माया मांडीवरच होता, ते फिरवूनच राहिली होती.

कुष्ठरोग म्हने. तिनं तो शब्द भल्ल्या हळू सांगतला, पन तो शब्द हळू सांगून हळू होते का? आमी त्याले रक्तपिती म्हनतो. माया डोळ्यासमोर बाजारात बसनारा तो एक मानूस आला, लहानपनीचा, चिंध्या गुंडाळलेला, त्याच्या कटोऱ्यात माय दुरून पैसा फेके. डॉक्टरीनबाईनं सांगतलं, मावशी, हा आता बरा होते, गोळ्या घ्या, गोळ्या सुरू झाल्या का तुमच्यापासून कोनाले होत नाई. मंगेशनंही ऐकलं. येताना तलावाच्या पाळीवर गाडी थांबवून त्यानं तोंड धुतलं. मी मागं बसून होती. मले कळत होतं तो काहून तोंड धुऊन राहिला ते.

गोळ्याचं पाकीट भेटे. खाल्ल्या का लघवी लाल होये, तोंड काळं पडलं, शेजारीन म्हने, काहून वं, उन्हात जातेस का? मी म्हनो, हो. त्यायले होऊ नये म्हून घरच्यायलेही एकेक गोळी द्याची होती, मंगेशनं घेतली, सरिता बाळंतपनाले माहेरी होती तवा, तिची राहिली. आली, तं मंगेशनं सांगतलं तिले.  सरिता काई बोलतच नाई, बाई, तेच तं आहे. बोलली असती तं मी भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, रडली असती, मोकळी झाली असती. ते मले अहो आईच म्हनते, जेवन टायमावर देते, गरम देते, पन ताट उंबरठ्यावर ठेवते. माहा गिलास वेगळा. आन परी, माही नात, रांगत होती तवापासून माया अंगावर येऊन राहिली का सरिता कुठूनही धावत येते, हासतच उचलते, चाल चाल तुले भूक लागली म्हनते. त्या लेकराले दिवसातून किती वेळा भूक लागते, तुमीच सांगा.

गोळ्या पूर्ण झाल्या. डॉक्टरीनबाई म्हने, मावशी, तुमी बऱ्या झाल्या. कागद देला. मी म्हनलं, बाई, हे बोटं? ते म्हने, मावशी, शिरा वाळल्या, बोटं आता इतकेच राहतीन, तेल लावा, व्यायाम करा, अजून वाकनार नाईत तेवढं पाहा. आन म्हने, पैले आल्या असत्या तं. तेवढंच म्हने. मी तं रोजच त्या मांडीवर हात फिरवत होती, मंग पैले म्हंजे कवा जाची होती मी?

एकदा समाजमंदिरात शिबिर होतं, तब्येतीचं. नागपूरचा एक पोरगा आला होता, चांगला बोलनारा. म्हने, तब्येत म्हंजे फक्त शरीर नाई, मनाची तब्येत असते, मानसायमधली तब्येत असते, झोप, खानंपिनं, कामाचं समाधान, हे सारं मिळून तब्येत. मी मागं भितीले टेकून बसली होती, माया बाजूची सतरंजी रिकामीच. मले पटलं त्याचं. खरंच पटलं. मी मनात हिशेब लावून राहिली, शरीर, तं कागद आहे बरी म्हून. झोप, लागत नाई. काम, हात चालत नाई. मानसं, तं हे रिकामी सतरंजी. तो म्हने, रोज नातवंडायले जवळ घ्या, आजीआजोबायले यापेक्षा मोठं औषध नाई. साऱ्या बाया हासल्या, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, दोन बोटं वाकूनच. आता त्याले काय म्हनाचं जी? त्यानं काई चुकीचं थोडी सांगतलं.

पन हे सारं मी सोसलं असतं. मानूस सोसते. माहं दुखनं आता वेगळंच आहे, तेच सांगाले तुमाले बसवलं.

माहा बसलेला हात आता उठला, मंग कोसा कोन काढन? सरिता बसली. मीच शिकवलं, पन दुरून, दारात बसून, तोंडानं. तार असा धर, राख थोडी कमी, तळहात उलटा नोको नेऊ. जवळ जाऊन हात धरून शिकवता येत नव्हतं. पैल्या दिवसात ते रडे, मी तिच्या पाठीकडं पाहो आन रडो. मले वाटे जाऊन तिच्या मांडीले खोबऱ्याचं तेल लावावं, माया सासूनं लावलं होतं तसं. नाई गेली.

आन यंदा रोवने झाले, मंग एक दिवस सकाळीच सांदवाडीत बायायचा आवाज. हासनं, बोलनं. मंग परी आली नाचत, तिच्या हातात गुळाचा खडा. मी विचारलं, काय वं, कायचा गूळ? ते म्हने, आईचा. उंबरठ्यावर माया ताटलीतही सरितानं एक खडा ठेवला आन म्हने, आई, मांडी मेली माही. इतकी खूश होती. आजवर माया तोंडाकडं पाहून कवा बोलली नव्हती तशी बोलली.

उचललेली ताटलीच माया हातातून पडली, बाई.

आता तुमी म्हनान, घट्टा असन, साऱ्यायले पडते. असन. मीही तेच म्हनते, घट्टाच असन. पन घट्ट्याची मांडी आन माही मांडी, यात फरक आहे, तो मले आता समजते. घट्टा पडला तरी गरम पानी समजते. मच्छर बसला तं समजते. फड्याची, झाडूची, काडी हळू फिरवली तं गुदगुली होते. माया मांडीले त्यातलं काईच नव्हतं. बस, एक काडी फिरवाची आहे, डोळे मिटाले लावाचे आहेत, एवढंच. पन ते मी कशी फिरवू? मी तिच्याजवळ एका हातावर गेली तं ते उठून उभी राहते.

तरी म्हनलं मी तिले. म्हनलं, सरिता, पोरी, तूच पाह, दार लावून घे, डोळे मिट, मंगेशच्या हातानं काडी फिरवून पाह. तिचं तोंड असं पांढरं झालं. म्हने, आई, माया बहिनीची सोयरीक जमून राहिली, पाहुने येऊन गेले, तुमचं त्यायले माहीत नाई, आता मीही दवाखान्यात दिसली तं तिचं कोन करन? तिचं लगन होऊ द्या, मंग पाहू. मी म्हनलं, हा रोग वाट पाहत नाई वं, माहं पाह. तं ते म्हने, तुमचं पाहूनच म्हनून राहिली ना.  ते खोटं थोडीच बोलली. माया घरी संक्रांतीचं वाण घेऊन कोनी येत नाई, तेही तिनं पायलं ना.

मंगेशले सांगतलं. तो म्हने, आई, तुले आता सगळीकडं तेच दिसते. आशाताईले गुपचूप सांगतलं, तिच्या पाया पडाची बाकी राहिली होती मी. ते आली, चांगल्या पद्धतीनं आली, सगळ्याच घरायचं पाहून राहिली असं दाखवलं. सरिता दारातच उभी. काई चट्टा? नाई. काई बधिर? सरिता हासली आन म्हने, अवो ताई, आमच्यात बधिर नाई ते कोन? तेच बोलनं बाई, अगदी तसंच, आमी हासाचो तसंच हासनं. ताईनं माया तोंडाकडं पायलं. ते तरी काय करन, कोनाचं लुगडं ओढून थोडी पाहता येते? लिहून घेतलं आन गेली. त्या दिवसापासून सरिता ताट ठेवते पन अहो आई म्हनत नाई.

माह्यापासून तं नसन ना झालं, असंही येते मनात. डॉक्टरीनबाईले विचारलं होतं, ते म्हने, मावशी, कोनापासून कोनाले हे कोनीच सांगू शकत नाई, असा विचार करू नोका. मंग कसा करू, ते नाई सांगतलं.

आता दुपारी ते मागं बसते कोसा काढाले. ऐका, आताही बसली आहे. घासन्याचा आवाज येते ना, सर सर, तोच. मी इथं दारात बसून तोच ऐकत राहते. तुमाले वाटन म्हातारी झपकी घेऊन राहिली. झपकी नाई जी. मी वाट पाहत राहते का आता तिचा हात थांबन, कोश सोसत नाई एवढा गरम लागन, फोड चोळला जाईन, आन ते आतून ओरडन, आई गं म्हनून. एक डाव ओरडली ना, का मी सुटली.

लोकं सुनेले काय काय आशीर्वाद देतेत, दुधोपूत, अखंड सौभाग्य. माया तोंडात आता एकच येते, आन तोही मोठ्यानं देता येत नाई, लोकं म्हनतीन बुढी सुनेच्या वाइटावर आहे. पन तुमी लिहून घ्या. मी देते तिले, दोनी हातानं देते. दुखू दे, पोरी, तुले. आग होऊ दे मांडीची. डोळ्यातून पानी येऊ दे.